वाद्यावरची नक्षी आणि तिचा पोशिंदा

आजचा विषय व्हायोलिनचा आहे. व्हायोलिन म्हटलं की मराठी माणसाला गजाननबुवा जोशी आठवतात, व्ही. जी. जोग आठवतात, प्रभाकर जोगांचं गाणारं व्हायोलिन आठवतं. पण आज मी सुरांबद्दल कमी आणि वाद्याच्या अंगावरच्या रंगाबद्दल, नक्षीबद्दल जास्त बोलणार आहे.

अमेरिकेत बऱ्याच गावांत एक उपक्रम चालतो. वाद्यवृंदाकडे किंवा शाळेकडे जुनी, मोडकी व्हायोलिनं पडून असतात. ती गावातल्या चित्रकारांना वाटून देतात. कुणी त्यावर फुलं रंगवतं, कुणी काचेचे तुकडे चिकटवतं, कुणी त्याचा पक्षी करतं. मग लिलाव होतो आणि त्या पैशातून मुलांसाठी नवी वाद्यं घेतली जातात. काही वादकांना हे रुचत नाही. त्यांचं म्हणणं असं की रंगवलेलं व्हायोलिन म्हणजे मुकं व्हायोलिन.

शास्त्र म्हणून त्यांचं बरोबर आहे. व्हायोलिनची वरची पाटी स्प्रूसच्या लाकडाची असते आणि तिची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. तारांचं कंपन घोडीतून त्या पाटीत उतरतं आणि पाटी थरथरते म्हणून आवाज येतो. तिच्यावर रंगाचे जाड थर चढवले की ती जड होते आणि आवाज बसतो. पण इतिहास काय सांगतो? नक्षीमुळे वाद्यं मुकी झाली का?

फौजेत कुठलीही मोहीम समजून घ्यायची तर आम्ही आधी विचारतो, रसद कुठून येत होती? तोच प्रश्न आज नक्षीला विचारू. या वाद्यामागे पैसा कुणाचा, धान्य कुणाचं? पोशिंदा कोण?

सुरुवात इटलीतल्या क्रेमोनापासून करू. सोळाव्या शतकात तिथे आंद्रेआ आमाती नावाचा कारागीर होता. आज आपण ज्या आकाराचं व्हायोलिन बघतो, तो आकार पक्का करणाऱ्यांत त्याचं नाव पहिलं घेतात. १५६० च्या दशकात त्याने फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याच्या दरबारासाठी वाद्यांचा एक ताफाच बनवला. त्या वाद्यांच्या पाठीवर राजचिन्ह आणि राजाचं ब्रीदवाक्य सोन्याने आणि रंगांनी काढलेलं होतं. म्हणजे व्हायोलिनच्या पहिल्या शंभर वर्षांतच ते रंगवलं गेलं आहे. मात्र रंग होता पाठीवर आणि कडेच्या पट्ट्यांवर. वरची पाटी मोकळी ठेवलेली होती.

दीडशे वर्षांनी त्याच गावातल्या आंतोनियो स्त्रादिवारीनेही हेच पाळलं. त्याची साडेसहाशेच्या आसपास वाद्यं आज शिल्लक आहेत आणि त्यांतली नक्षीदार फक्त दहा-बारा. माद्रिदच्या राजवाड्यात त्यांतली चार आहेत, दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो. कडेने हस्तिदंताचे बारीक ठिपके आणि चौकटी जडवल्या आहेत, बाजूंच्या पट्ट्यांवर वेली आणि प्राणी आहेत. ही वाद्यं वाजतात आणि उत्तम वाजतात. राजाला आपली सत्ता दिसायलाही हवी होती आणि ऐकायलाही. पोशिंद्याला सूर हवा असतो तोवर कारागीर सुराला धक्का लागू देत नाही. ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा.

आता आपल्याकडे या. गजाने वाजवायचं एक वाद्य आपल्या दरबारांत होतं, ताऊस. फारसीत ताऊस म्हणजे मोर. वाद्याचा आकारच मोराचा असायचा. पुढे मान आणि चोच, खाली पाय, अंगावर रंगवलेली पिसं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातलं एक ताऊस ठेवलेलं आहे, त्याची छायाचित्रं जरूर बघा. पुढे दरबार गेले आणि ताऊस बहुतेक काचेच्या कपाटात गेलं. राहिला तो त्याच जातकुळीतला दिलरुबा. तो हलका आहे, उचलून नेता येतो आणि गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनात त्याला रोजचं काम होतं. राजा पोशिंदा होता तेव्हा मोर हवा होता. कीर्तनाचा जथा पोशिंदा झाला तेव्हा मोर उतरला, सूर राहिला. अलीकडे काही शीख कीर्तनकारांनी ताऊस पुन्हा हाती घेतलं आहे, हेही सांगायला हवं.

महाराष्ट्रातलं उदाहरण मिरजेचं. हे मला विशेष जवळचं, कारण त्याची सुरुवात हत्यारांपासून होते. मिरजेत शिकलगार घराणी होती. शिकलगार म्हणजे तलवारी, भाल्यांना धार लावणारे आणि हत्यारं दुरुस्त करणारे. इंग्रजी अंमल पक्का झाला, लढाया थांबल्या आणि हत्यारांचं काम आटलं. त्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, फरीदसाहेबांनी तंबोरे आणि सतारी दुरुस्त करायला आणि मग बनवायला सुरुवात केली. पटवर्धन संस्थानिकांच्या मिरजेत गाणं होतं, त्याचा आधार मिळाला. घराण्याचं नावच पुढे सतारमेकर झालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे, तुणीचं लाकूड आणि वर पानाफुलांची नक्षी. पूर्वी हस्तिदंत जडवत. त्याच्यावर बंदी आली तेव्हा कारागिरांनी प्लॅस्टिक घेतलं, पण नक्षी सोडली नाही. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. संस्थान कधीच विलीन झालं, मग हे टिकलं कसं? कारण पोशिंदा बदलला, संपला नाही. संस्थानिकाच्या जागी देशभरातले गायक-वादक आले. आजही ते मिरजेला ऑर्डर देतात आणि घेण्याआधी जवारी तपासून घेतात.

आणि आता त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी हा भाग केला. ती आमच्या शेजारची आहे. रायपूरच्या उत्तरेला, मैकल डोंगरांपलीकडे, अमरकंटकजवळ मध्य प्रदेशाच्या दिंडोरी जिल्ह्यात पाटनगढ नावाचं गाव आहे. तिथे परधान राहतात. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीतही परधान आहेत. गोंडांचे भाट, त्यांच्या वंशावळी आणि देवांच्या कथा गाणारे, ही त्यांची परंपरा. त्यांचं वाद्य बाना. दिसायला साधं. कोरलेलं लाकूड, वर ताणलेलं कातडं, घोड्याच्या केसांच्या तारा आणि गज. व्हायोलिनचा लांबचा भाऊच म्हणा.

गोंड त्याची कथा सांगतात. बडा देव रागावून साजाच्या झाडात जाऊन बसला. साजा म्हणजे आपला ऐन. थोरल्या भावांना तो प्रसन्न होईना. सर्वांत धाकट्याने बाना बनवून वाजवला आणि देव बाहेर आला. तो धाकटा म्हणजे पहिला परधान. म्हणून परधानाने दर तीन वर्षांनी आपल्या गोंड यजमानाच्या घरी जायचं, बाना वाजवून त्याच्या कुळाचं गायचं आणि यजमानाने धान्य, कापड, जनावर द्यायचं. धाकट्या भावाचा हक्क होता तो, भीक नव्हे. ही त्यांची रसद.

या परधानांवरचं महत्त्वाचं पुस्तक एका मराठी माणसाने लिहिलं आहे. शामराव हिवाळे हे पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले. १९३२ साली ते व्हेरिअर एल्विनबरोबर मंडल्याच्या जंगलात गेले आणि पुढे पाटनगढलाही राहिले. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४६ साली प्रसिद्ध झालं. एल्विनचं नाव सगळ्यांना माहीत आहे. शामरावांचं आपणच विसरलो.

मग ही रसद तुटली कशी? इथे आपण मराठी माणसांनी सरळ बोललं पाहिजे. अठराव्या शतकात गोंडांची देवगड आणि चांद्याची राज्यं नागपूरकर भोसल्यांनी घेतली. गढा-मंडला सागरच्या मराठ्यांकडे गेलं. आमचं छत्तीसगडही भोसल्यांच्याच ताब्यात होतं. ज्या राजांच्या वंशावळी परधान गात, ते राजे राहिले नाहीत. त्यानंतर इंग्रजांनी १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी जंगल ताब्यात घेतलं आणि साधा गोंड शेतकरीही नाडला गेला. यजमानाच्याच कणगीत धान्य नसेल तर तो भाटाला काय देणार? बाना एका दिवसात थांबला नाही. तो घराघरात, पिढीमागून पिढी, खुंटीवर टांगला गेला. त्यावर कुणी नक्षी केली म्हणून नव्हे, तर ऐकणाऱ्याचा हात रिकामा झाला म्हणून.

१९८० च्या सुमारास भोपाळला भारत भवनची तयारी चालू होती. चित्रकार जगदीश स्वामिनाथन तिथल्या कला-संग्रहालयाचे प्रमुख. त्यांनी खेड्यापाड्यांत माणसं पाठवली. पाटनगढात त्यांना भिंतीवर एक चित्र दिसलं. काढणारा विशीतला परधान तरुण, जनगढ सिंह श्याम. त्याला भोपाळला आणलं. फेब्रुवारी १९८२ मध्ये भारत भवन उघडलं तेव्हा त्याची चित्रं तिथे होती. १९८९ साली ती पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात लागली. त्याने काय रंगवलं? जे त्याचे पूर्वज गात होते तेच. बडा देव, साजाचं झाड, हरणं, पक्षी. ठिपक्यांनी आणि बारीक रेघांनी भरलेली. जाणकार म्हणतात की त्या रेघांत बान्याची लय उतरली आहे. या शैलीला आज जनगढ कलम म्हणतात.

अमेरिकेतले चित्रकार वाद्याचं चित्र करतात. इथे वाद्य थांबलं आणि वादकांच्या वंशजांनी त्या संगीताचंच चित्र केलं.

मी याला फक्त यशोगाथा म्हणणार नाही. नवा पोशिंदा आला, पण तो दूरचा होता. कलादालनं, संग्राहक, परदेशी संस्था. २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयासाठी चित्रं काढायला गेलेल्या जनगढने तिथेच आत्महत्या केली. वय चाळिशीच्या आसपास. यजमानाचं घर ठाऊक असतं, त्याच्या कुळाची नावं पाठ असतात. बाजाराचं तसं नसतं.

तरीही त्या गावाने हार मानली नाही. जनगढच्या घरात आणि नात्यात शिकलेले कितीतरी जण आज चित्रकार आहेत. भज्जू श्याम यांना २०१८ साली आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी २०११ साली आलेल्या ‘भीमायन’ या पुस्तकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र परधान शैलीत चितारलं. विचार करा, ज्यांचे पूर्वज राजांच्या वंशावळी गात, त्यांनी बाबासाहेबांची कथा सांगितली. म्हणजे भाटाचं काम सुटलेलं नाही. गज गेला, ब्रश आला.

पण ब्रश बान्याची जागा पूर्ण घेत नाही. चित्रात कथा दिसते, ऐकू येत नाही. किती गाणी शेवटच्या वादकाबरोबर गेली, त्यांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. बाना वाजवणारे थोडे का होईना, अजून आहेत.

तेव्हा दोन कामं सांगतो. गोंड चित्र विकत घ्याल तेव्हा घासाघीस करण्याआधी चित्रकाराचं नाव विचारा आणि चित्रातली कथा विचारा. ती कथा ऐकणं हेच यजमानाचं काम होतं. आणि विदर्भात, मंडला-दिंडोरीत किंवा आमच्या छत्तीसगडात कुणा परधानाच्या घरी खुंटीवर बाना दिसला, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना तो वाजवायची विनंती करा, परवानगी घेऊन मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा आणि त्याची एक प्रत त्यांच्याच घरी द्या. आणि हो, दक्षिणा दिल्याशिवाय उठू नका. तो त्यांचा हक्क आहे.

पुढच्या भागात भोसल्यांच्या काळातल्या रायपूरविषयी बोलू. तोवर नमस्कार. जय हिंद.