पीपिंग टॉम (१९६० चित्रपट)

'पीपिंग टॉम' हा मायकेल पॉवेल यांनी दिग्दर्शित केलेला आणि १९६० साली प्रदर्शित झालेला ब्रिटिश मानसशास्त्रीय थरारपट आहे. पटकथा लिओ मार्क्स यांची असून कार्ल बोम, ॲना मॅसी, मॉयरा शिअरर व मॅक्सिन ऑडली यांच्या प्रमुख भूमिका आहेत. शीर्षकाचे मूळ कॉव्हेंट्रीच्या लेडी गोडायव्हाच्या दंतकथेत आहे. विवस्त्र होऊन घोड्यावरून निघालेल्या गोडायव्हाला टॉम नावाच्या शिंप्याने चोरून पाहिले आणि त्याची दृष्टी गेली, अशी ही कथा. पुढे चोरून पाहणाऱ्या कोणाही माणसाला इंग्रजीत हेच नाव पडले.

कथानक

मार्क लुईस हा लंडनमधील एका चित्रपट स्टुडिओत कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा साहाय्यक. लाजाळू, मृदुभाषी. फावल्या वेळात तो स्त्रियांचे खून करतो आणि मरतानाची त्यांची भीती चित्रित करतो. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या एका पायात पाते दडवलेले आहे. त्याहून भयंकर गोष्ट कथेच्या शेवटी उलगडते: कॅमेऱ्याला आरसा जोडलेला असून बळी पडणाऱ्या स्त्रीला स्वतःचाच भेदरलेला चेहरा पाहत मरावे लागते.

मार्कचे वडील शास्त्रज्ञ होते व भीतीचा मज्जासंस्थेवर होणारा परिणाम हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यासाठी त्यांनी स्वतःच्याच मुलाचा उपयोग केला. झोपलेल्या मुलाच्या अंथरुणावर पाल सोडणे, आईच्या मृत्युशय्येजवळ त्याला उभे करणे, असे सारे त्यांनी चित्रित करून ठेवले आहे. घरातील प्रत्येक खोलीत आवाज टिपण्याची सोय होती. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या हेलनला मार्क ही जुनी चित्रफीत दाखवतो. हेलनची अंध आई मात्र काही न पाहताच त्याला ओळखते. सगळे पाहण्याभोवती फिरणाऱ्या या कथेत सत्य प्रथम कळते ते न पाहू शकणाऱ्या बाईला, ही योजना लेखकाच्या जाणतेपणाची साक्ष आहे. शेवटी पोलीस दारात येताच मार्क त्याच पात्यावर स्वतःचा अंत करून घेतो.

प्रेक्षकाचा सहभाग

पहिला खून आपल्याला मार्कच्या कॅमेऱ्यातूनच दिसतो. खुनी कोण, हे रहस्य येथे नाहीच. प्रश्न उरतो तो आपण का पाहत आहोत, हा. त्याच वर्षीच्या आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'सायको'शी तुलना येथे अपरिहार्य ठरते. त्यातील नॉर्मन बेट्स भिंतीच्या भोकातून मॅरियनला पाहतो. पुढे तिची मोटार दलदलीत बुडता बुडता क्षणभर थांबते, तेव्हा ती बुडावी असे प्रेक्षकालाही वाटून जाते. हिचकॉक ही सहानुभूती अर्धवट माहितीच्या आधारे मिळवतात. पॉवेल सर्व काही आधीच सांगतात आणि तरीही मार्कची कीव येते. 'पीपिंग टॉम' अधिक अस्वस्थ करतो तो यामुळे. त्यातील लहान मार्कची भूमिका पॉवेल यांच्या मुलाने, कोलंबाने, केली आणि वडील झाले खुद्द पॉवेल. दिग्दर्शकाने आरोपीच्या पिंजऱ्यात प्रथम स्वतःलाच उभे केले, असे म्हणावेसे वाटते.

मात्र बळी पडणाऱ्या स्त्रियांच्या पूर्वायुष्याला चित्रपटात फारशी जागा नाही. खुन्याला बालपण मिळते, त्यांना मिळत नाही. हा आक्षेप या प्रकारातील इतरही अनेक चित्रपटांना लागू पडतो.

निर्मिती

लिओ मार्क्स दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्त संघटनेचे सांकेतिक लिपितज्ज्ञ होते. छायाचित्रण ओटो हेलर यांचे, संगीत ब्रायन ईस्डेल यांचे. व्हिव्हियनची भूमिका करणाऱ्या शिअरर या पॉवेल व एमरिक प्रेसबर्गर यांच्या 'द रेड शूज' (१९४८) या चित्रपटाच्या नायिका होत. 'सायको' कृष्णधवल, तर हा चित्रपट भडक रंगांतला.

प्रतिसाद व पुनर्मूल्यांकन

ब्रिटिश समीक्षकांनी चित्रपटावर इतकी कडवट टीका केली की तो लवकरच चित्रपटगृहांतून उतरवला गेला. 'कर्नल ब्लिम्प', 'ब्लॅक नार्सिसस' यांसारख्या कृतींमुळे आघाडीवर असलेल्या पॉवेल यांना ब्रिटनमध्ये काम मिळणे कठीण झाले. त्यांनी 'दे आर अ वीअर्ड मॉब' (१९६६) व 'एज ऑफ कन्सेंट' (१९६९) हे चित्रपट ऑस्ट्रेलियात केले. अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या पुढाकाराने १९७९ च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात 'पीपिंग टॉम' पुन्हा दाखवण्यात आला आणि समीक्षकांचे मत पालटले. पॉवेल १९९० मध्ये निधन पावले. आरंभी विरोधात लिहिणाऱ्या 'संडे टाइम्स'च्या समीक्षक डिलिस पॉवेल (दिग्दर्शकाशी नाते नाही) यांनी १९९४ मध्ये आपले मत जाहीरपणे बदलले. तोवर दिग्दर्शक ते वाचायला हयात नव्हते.