टॉवर जमिनीवरचा, टॉवर आकाशातला

१ नोव्हेंबर १९९८ रोजी अमेरिकेचे उपाध्यक्ष अल गोर यांनी व्हाईट हाऊसच्या बागेतून एक फोन लावला. पलीकडे होते गिल्बर्ट ग्रोव्हनर, टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल यांचे पणतू. ‘इरिडियम’ या उपग्रह फोन सेवेचा हा शुभारंभ होता. सुमारे पाच अब्ज डॉलर खर्चून उभी राहिलेली ही कंपनी पुढच्याच ऑगस्टमध्ये दिवाळखोरीत गेली. यंत्रणा मात्र चालू होती. मग बिघडले कुठे? त्यासाठी कॉल कसा जोडला जातो, ते आधी पाहावे लागते.

मोबाईलचा कॉल हवेतून जातो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात हवेतला हा प्रवास हँडसेटपासून जवळच्या टॉवरपर्यंतचाच; पुढे बहुतेक वाट जमिनीवरच्या जाळ्यातून, मुख्यतः केबलमधून जाते. या रचनेची कल्पना १९४७ सालची, बेल प्रयोगशाळेतल्या डग्लस रिंग यांच्या टिपणातली. प्रदेशाचे मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी कप्पे पाडायचे आणि प्रत्येकात कमी ताकदीचे प्रक्षेपण ठेवायचे. मग एका कप्प्यातली लहर थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या कप्प्यात पुन्हा वापरता येते. मोजक्या लहरींवर लाखो माणसे बोलतात ती यामुळेच. फोन खिशात पडून असला तरी आपला ठावठिकाणा अधूनमधून कळवत राहतो. आपल्याला कोणी फोन लावला, की यंत्रणा आधी ती नोंद पाहते आणि त्या भागातल्या टॉवरवरून आपल्या फोनला हाक देते. माणूस पुढे सरकला, की एक टॉवर कॉल दुसऱ्याच्या हवाली करतो.

इरिडियमने हे गणित उलटे मांडले. जमिनीपासून ७८० किलोमीटरवर ६६ उपग्रह. प्रत्येक जण सुमारे १०० मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालतो. इथे बोलणारा जागेवर असतो आणि ‘टॉवर’ डोक्यावरून पळतो. काही मिनिटांत तो क्षितिजाआड जातो आणि कॉल मागून येणाऱ्या उपग्रहाकडे जातो. उपग्रह एकमेकांशीही जोडलेले असल्याने कॉल आकाशातल्या आकाशात पुढे सरकवता येतो. त्यामुळे समुद्रावर, वाळवंटात, ध्रुवावर, कुठेही फोन लागतो.

पण जो उपग्रह प्रचंड प्रदेश व्यापतो, त्याच्या वाट्याला एका वेळी कॉल मोजकेच येतात. शिवाय फोनला मोकळे आकाश दिसावे लागते. इमारतीत तो चालत नाही. हँडसेटची किंमत सुमारे तीन हजार डॉलर. ही यंत्रणा उभी राहीपर्यंत दहाएक वर्षे गेली आणि तेवढ्यात जमिनीवरचे टॉवर गावोगाव पोहोचू लागले. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना पहिला मोबाईल कॉल केला, तेव्हा इरिडियमचा एकही उपग्रह कक्षेत गेला नव्हता.

अखेर ही सारी मालमत्ता केवळ अडीच कोटी डॉलरला विकली गेली. तिला तारले ते अमेरिकी संरक्षण खात्याच्या कंत्राटाने, आणि जहाजे, गिर्यारोहक, मदत पथके अशा गिऱ्हाइकांनी. टॉवर गिऱ्हाईक असेल तिथे उभा राहतो. गिऱ्हाईक नाही तिथे फक्त आकाश उरते.

या गोष्टीला मुंबईच्या दोन तारखा जोडून पाहाव्यात. २६ जुलै २००५च्या पुरात शहराच्या अनेक भागांत मोबाईल मुके झाले. २६ नोव्हेंबर २००८चे हल्लेखोर ज्या ‘कुबेर’ नौकेतून आले, तिच्यावर थुराया कंपनीचा उपग्रह फोन सापडला. कोणत्याही देशाच्या टॉवरवर अवलंबून नसलेला फोन संकटात आधार ठरतो आणि सरकारला धोकाही वाटतो. म्हणूनच भारतात सरकारी परवानगीशिवाय थुराया वा इरिडियमचा फोन बाळगता येत नाही.

२०२२पासून काही साध्या मोबाईलमध्येही संकटकाळी उपग्रहाला संदेश पाठवण्याची सोय आली आहे. बाजारात हरलेली कल्पना आता जिंकलेल्या फोनच्या पोटात शिरते आहे. ती वापरण्याचा हक्क डोंगरात अडकलेल्या माणसाला किती सहज मिळावा, हा प्रश्न मात्र तंत्रज्ञांचा नाही. तो आपल्या सर्वांचा आहे.