म्हैसूरचा खर्ज

म्हैसूर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम दसऱ्याची मिरवणूक येते, मग चंदन, रेशीम आणि वृंदावन उद्यान. (नगराचे अधिकृत नाव २०१४ पासून मैसूरु झाले आहे, पण मराठी जिभेला म्हैसूरच सोयीचे, म्हणून येथे तेच ठेवतो.) हे सारे डोळ्यांचे आणि नाकाचे म्हैसूर झाले. कानाचे म्हैसूर निराळे आहे, आणि त्याच्या इतिहासाकडे आपण सहसा वळत नाही. तो येथे सांगण्यास एक अगदी व्यावहारिक निमित्त आहे.

बदलीच्या गावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा रात्रीचा सोबती आता बहुधा हेडफोन असतो. सरकारी वसाहतीतील भिंती पातळ, शेजार परभाषिक. दहा वाजल्यानंतर किराणा घराण्याचा आग्रह सर्वांवर धरणे शिष्टाचारास सोडून होते. म्हणून गाणे कानातच ऐकावयाचे. गायकाचा आवाज स्वच्छ येतो, तंबोऱ्याची जवारीही लखलखते. परंतु तबलजीचा डग्गा कोठे तरी हरवतो. ‘धा’ पडतो तेव्हा चाटेचा टणत्कार तेवढा ऐकू येतो, खालचा घुमारा येत नाही. दुकानात विचारावे तर उत्तर ठरलेले : अधिक किमतीचा हेडफोन घ्या, आवाज वाढवा. खर्ज म्हणजे जोराचा प्रश्न, अशी या उत्तरामागची समजूत आहे. म्हैसूरचा शंभर वर्षांचा ध्वनी-इतिहास पाहिला म्हणजे ती टिकत नाही.

आरंभ मृदंगापासून करू, कारण दक्षिणेत खर्ज मिळविण्याची सर्वांत जुनी युक्ती तेथेच आहे. मैफल सुरू होण्यापूर्वी मृदंगवादक डाव्या तोंडाच्या मधोमध रव्याची ओली गोळी थापतो, आणि मैफल संपल्यावर ती खरवडून काढतो. आपल्याकडे पखवाजास कणीक लावतात तीच ही रीत. हेतू असा की कातड्याचे वजन वाढले म्हणजे ते संथ हलते, आणि संथ हलणारे कातडे खालचा स्वर देते. वादकाच्या मनगटात तेवढीच ताकद असते. बदलते ती हलणारी वस्तू. तबल्याच्या डग्ग्यावर हाच भार शाईच्या रूपाने कायमचा बसविलेला असतो.

या वाद्यांकडे शास्त्राच्या दृष्टीने प्रथम लक्ष वेधले ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. १९२० साली त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ नियतकालिकात एक टिपण लिहिले. पुढे १९३३ साली ते तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातील बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत आले, आणि १९३४ साली भारतीय चर्मवाद्यांवरील त्यांचा विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. साध्या ढोलाचे कातडे बेसूर उपस्वर देते. मधोमध भार दिलेले कातडे मात्र तंतुवाद्याप्रमाणे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा मेळातले उपस्वर देते, हे त्यांनी दाखविले. नोबेल पारितोषिकाचा मानकरी तबल्याच्या शाईचा विचार करीत बसतो, हे चित्र मला फार लोभस वाटते. ही उपस्वरांची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

कृष्णराज वडियार (चौथे) यांच्या दरबारात कर्नाटकी विद्वानांबरोबर हिंदुस्थानी गवयांचाही सन्मान होत असे. मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांची तेथील ये-जा मराठी रसिकांस ठाऊक आहेच. त्याच दरबाराच्या आश्रयास १९२८ साली गौहर जान आली. १९०२ साली कलकत्त्यास फ्रेड गायसबर्ग याने हिंदुस्थानातील पहिल्या व्यापारी तबकड्या घेतल्या, त्यांतील ही अग्रणी गायिका. एके काळी तिच्या ऐश्वर्याच्या कथा देशभर सांगितल्या जात. अखेरचे दिवस तिने म्हैसुरात काढले आणि जानेवारी १९३० मध्ये तेथेच तिचे निधन झाले.

गौहर जानच्या जुन्या तबकड्या आज सहज ऐकावयास मिळतात. त्यांत तिचा आवाज धारदार, तबला मात्र जवळजवळ नाही. तबलजी वाजवीत नव्हता असे नव्हे. त्या काळी गायिकेने भोंग्यात तोंड घालून गावयाचे. तिच्या श्वासाच्या बळानेच पडदा हले आणि मेणावर सुई रेघ ओढी. वीज या व्यवहारात कोठेच नव्हती. त्या भोंग्यातून सेकंदाला सुमारे दोनशे कंपनांखालचे फारसे काही जात नसे, आणि डग्ग्याचा मूळ स्वर तर बहुधा त्याच्याही खाली. युरोपातही अशा ध्वनिमुद्रणाच्या वेळी मोठ्या व्हायोलिनांच्या जागी पितळी टुबा बसवावा लागे. १९२५ साली विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि खर्ज तबकडीवर उतरू लागला. तोपर्यंत गौहर जानचा ऐन काळ सरला होता.

तिच्या निधनानंतर पाच वर्षांनी म्हैसुरात आणखी एक गोष्ट घडली. महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी, लंडनला स्पिअरमन यांच्या हाताखाली तयार झालेले, यांनी १९३५ साली आपल्या ‘विठ्ठल विहार’ या राहत्या घरी अवघ्या ३० वॅटचे प्रक्षेपण-यंत्र बसवून खाजगी नभोवाणी केंद्र सुरू केले. त्याचे नाव ‘आकाशवाणी’. १९४२ साली संस्थानाने ते चालविण्यास घेतले आणि पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने तेच नाव उचलले. मराठीत तोवर ‘नभोवाणी’ हा शब्द चांगला रुळला होता. तो मागे पडला याचे थोडे वाईट वाटते, पण ज्या शब्दाने त्यास हटविले तो एका प्राध्यापकाच्या घरातून निघाला होता, एवढे समाधान.

नभोवाणीच्या आरंभीच्या काळात जगभर कित्येकजण हेडफोन लावूनच ऐकत, कारण स्फटिकाच्या साध्या संचात ध्वनिक्षेपक हलविण्याइतकी शक्ती नसे. या हेडफोनाचा जन्म तारायंत्र व दूरध्वनी यांच्या घरातला. अमेरिकेतील युटा प्रांताच्या नॅथॅनिएल बाल्डविन याने १९१० साली आपले हेडफोन तेथील नौदलास दिले, ते तारेचे संकेत ऐकण्यासाठी. त्या जातीच्या हेडफोनांत साधारणतः लोखंडाची ताणलेली चकती असे. ती मानवी बोलण्याच्या मधल्या पट्टीत जोमाने थरथरे आणि खालच्या स्वरांस दाद देत नसे. संकेतासाठी उत्तम, डग्ग्यासाठी निरुपयोगी. चलत्-वेटोळ्याचा हेडफोन जर्मनीत बायर कंपनीने १९३७ च्या सुमारास काढला, आणि संगीतासाठी दोन्ही कानांस वेगळा ध्वनी देणारा हेडफोन अमेरिकेत जॉन कॉस याने १९५८ साली विकावयास आणला.

तरी त्या लोखंडी चकतीतून पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटे. दूरध्वनीतही तसेच होते. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर शंभर-सव्वाशे कंपनांचा, आणि जुन्या दूरध्वनीची तार तीनशेंखालचे काही पोहोचवीत नाही. तरी पलीकडून काका बोलत आहेत की काकू, याविषयी आपला गोंधळ होत नाही. याचे कारण रामन यांच्या शाईच्या निबंधाशी जुळते. दोनशे, तीनशे, चारशे असे मेळातले उपस्वर एकत्र आले की न आलेला शंभराचा मूळ स्वर मन स्वतःच भरून काढते. झेबेक याने एकोणिसाव्या शतकात या चमत्काराकडे बोट दाखविले. हॉलंडच्या स्काउटेन याने १९४० च्या सुमारास तो नेटका मांडला. म्हैसूरची नभोवाणी एका मानसशास्त्रज्ञाने सुरू केली, हा योगायोग असेल, पण मोठा समर्पक. ऐकण्याचा निम्मा व्यवहार कानाच्या आत चालतो.

राजवाड्याकडे पुन्हा एकदा पाहू. १९४० साली गादीवर आलेले जयचामराज वडियार हे पाश्चात्त्य संगीताचे जाणकार. रशियन रचनाकार निकोलाय मेट्नर याच्या कृतींच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च त्यांनी उचलला. लंडनच्या फिलहार्मोनिया संस्थेचे ते आश्रयदाते झाले. त्या वाद्यवृंदाचा संस्थापक वॉल्टर लेग म्हैसुरास गेला तेव्हा तबकड्यांचा अफाट संग्रह आणि नाना तऱ्हेचे ध्वनिक्षेपक पाहून चकित झाला. नाना तऱ्हेचे ध्वनिक्षेपक का, हे ज्याने खर्जाचा पाठलाग केला आहे त्याला सांगावे लागत नाही. ५० कंपनांच्या स्वराची लाट सुमारे सात मीटर लांब असते. उघड्या हवेत लहान पडदा पुढे सरकला की पुढची दाबलेली हवा वळसा घालून मागे जाते आणि खर्ज जागच्या जागी मरतो. म्हणून मोठा पडदा हवा, मोठी पेटी हवी, मोठे दालन हवे. म्हणजे थोडक्यात राजा हवा. १९५४ साली एडगर विल्चर याने पेटी पूर्ण बंद करून आतल्या कोंडलेल्या हवेचीच कमान केली, आणि पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून दमदार खर्ज काढून दाखविला. वाट पुन्हा तीच निघाली : हवा निसटू द्यावयाची नाही.

आता आपल्या हेडफोनाकडे येता येते. १९६५ साली म्हैसुरात वाणी व श्रवण यांसाठीची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. जागा जयचामराज वडियारांनी दिलेली. मानसगंगोत्रीच्या परिसरातील या संस्थेत देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे श्रवणपरीक्षेस येतात. या परीक्षेचे जगभरचे जुने साधन म्हणजे टीडीएच-३९ नावाचा, रबरी गादी कानावर दाबून बसणारा हेडफोन. तो कसा बसवावा याविषयी परीक्षक फार काटेकोर असतो : चष्मा उतरवा, डूल काढा, केस मागे सारा, पडद्याचे तोंड कानाच्या भोकासमोर आणा. हा कर्मठपणा नव्हे. गादी आणि कान यांत फट राहिली तर २५० कंपनांचा व त्याखालचा स्वर तेथून गळून जातो, वरचे स्वर मात्र फारसे बिघडत नाहीत. आणि धडधाकट माणूस कागदावर खालच्या स्वरांपुरता बहिरा ठरतो.

आपल्या रात्रीच्या श्रवणात नेमके हेच बहिरेपण शिरलेले असते. कानाच्या पडद्यापासून हेडफोनाच्या पडद्यापर्यंतची हवा बंद कोठडीत असेल तर इवलासा पडदाही तिला सहज दाबतो आणि राजवाड्यातील पेटीचे काम नखाएवढ्या वस्तूत होते. चष्म्याच्या दांडीएवढी फट त्या कोठडीचे दार उघडते. म्हणून खर्चाआधी एक परीक्षा करावी : गाणे चालू असता दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच कानांवर दाबाव्या. डग्गा एकदम उभा राहिला, तर दोष यंत्राचा नसून फटीचा आहे. झिजून कडक झालेल्या गाद्या बदलाव्या; चष्म्याची दांडी बारीक निवडावी. कानात खुपसावयाच्या जातीत डबीत तीन मापांची बोंडे येतात, आणि बहुतेक लोक कारखान्याने लावून दिलेले मधले माप जन्मभर वापरतात. मोठे माप लावून पाहावे, दोन कानांस दोन मापे लागली तरी संकोचू नये. स्पंजाचे बोंड असेल तर ते चिमटीत वळून, विरुद्ध हाताने कानाची पाळी वर व मागे ओढून आत घालावे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावे. पाठ उघडी असलेल्या जातीचे हेडफोन मोकळे, प्रशस्त वाजतात. पण सर्वांत खालच्या स्वरांत ते बहुधा कमी पडतात, ही त्यांची प्रकृतीच.

एवढे झाल्यावर मग कळा फिरवाव्या, आणि त्याही बेताने. शंभर कंपनांखालचा भाग सहा डेसिबलने चढविला तर तेथे चौपट शक्ती लागते; म्हणून आधी एकूण आवाज तेवढ्याच सहाने उतरवावा, नाहीतर यंत्र फाटक्या आवाजात ओरडते. डग्ग्याचा ठोसा बोथट, पिठूळ वाटत असेल तर खाली भर घालण्याऐवजी २०० ते ३०० कंपनांचा भाग दोन-तीन डेसिबल कमी करून पाहावा. मुळात आघाताची धार वरच्या स्वरांत असते, खालच्या स्वरांत तिचे वजन. २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनास खिशातील दूरध्वनी पुरा पडत नाही; तेथे मात्र वेगळा प्रवर्धक घेणे सार्थ ठरते.

आवाज वाढविला की खर्ज वाढतो, हा अनुभव खोटा नाही. हळू आवाजात माणसाच्या कानास खालचे स्वर फारच कमी ऐकू येतात, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखविले. आगगाडीत चाकांची घरघर खर्जास झाकते, म्हणून प्रवासात हात अधिकच कळीकडे जातो. तेथे बाहेरचा गोंगाट खोडून काढणारा हेडफोन खरा कामाचा, कारण त्याची करामत मुख्यतः खालच्याच स्वरांवर चालते. आवाज वाढविण्याची किंमत मात्र कान देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने ८० डेसिबल आठवड्यास ४० तास चालते, ८३ झाले की २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. या रीतीने गेलेले ऐकणे परत येत नाही, आणि बहुधा प्रथम जातात ते वरचे स्वर : तंबोऱ्याची जवारी, बोलण्यातले ‘स’ आणि ‘श’. डग्ग्यासाठी जवारी गमावणे हा सौदा कोणत्याही घराण्यास मान्य होणार नाही.

गौहर जानच्या तबकड्यांपुढे मात्र या साऱ्या युक्त्या थांबतात. त्या ऐकताना खर्जाची कळ उलट पूर्ण उतरवून ठेवावी. तेथे डग्गा मुळात उतरलेलाच नाही. खालच्या भागात आहे ती केवळ तबकडी फिरविणाऱ्या यंत्राची गुरगुर.