नांदगावच्या गाडीतला नवा करार

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावला निघाले ते नोकरीच्या शोधात. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम त्यांनी काही काळ केले होते. वय तिशीच्या पुढे, नावावर कविता, जिभेवर संस्कृत आणि पायांना भिंगरी. त्या प्रवासात गाडीच्या डब्यात एक गोरा पाद्री भेटला. फ्री मेथॉडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड ते हेच. बोलणे निघाले, दोघांचे जमले, आणि उतरण्यापूर्वी वॉर्डसाहेबांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असेही ते म्हणाले म्हणतात. टिळकांनी पुस्तक वाचण्याचे वचन दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मराठी ख्रिस्ती घरांत ही गोष्ट इतक्यांदा सांगितली जाते की तिच्या कडा झिजून गेल्या आहेत. सांगणारा बहुतेक वेळा वॉर्डसाहेबांच्या भाकितावर थांबतो आणि ऐकणारे माना डोलावतात. मला मात्र भाकितापेक्षा मधली दोन वर्षे महत्त्वाची वाटतात. शिवाय ती घडली कुठे, हेही. रायपुराहून राजनांदगाव जेमतेम सत्तर किलोमीटर. ज्या बलरामदास राजांच्या संस्थानात टिळक पोट भरायला आले, त्याच राजांच्या मोठ्या देणगीतून १८९२ मध्ये रायपूरला नळाचे पाणी आले. त्या योजनेला त्यांचेच नाव होते. मराठी नव्या कराराच्या इतिहासातले इतके मोठे पान आमच्या उंबऱ्याशी उलगडले आणि आम्ही रायपूरकर मात्र ते नगरचे किंवा मुंबईचे समजतो.

आता त्या दोन वर्षांकडे. टिळकांनी पुढे स्वतः सांगितले आहे की ते पुस्तक त्यांना आवडले म्हणून त्यांनी हाती धरले नाही. वाचीन असा शब्द दिला होता म्हणून धरले. आरंभापासून वाचायला घेतले. मत्तयच्या शुभवर्तमानाचे पाचवे, सहावे आणि सातवे हे अध्याय आले, म्हणजे ज्याला आपण डोंगरावरील प्रवचन म्हणतो तो भाग, आणि तिथून त्यांना पुस्तक सोडवेना. तत्त्वज्ञानातल्या ज्या अवघड प्रश्नांशी ते वर्षानुवर्षे झगडत होते, त्यांची उत्तरे या तीन अध्यायांत सापडली असे त्यांचे म्हणणे. मग ते शेवटपर्यंत वाचत गेले.

इथे थोडे थांबायला हवे. पवित्र शास्त्रावर प्रेम कसे जडते, हे उपदेशकाला विचारले तर तो सांगेल, प्रार्थना करा म्हणजे गोडी लागेल. टिळकांच्या बाबतीत क्रम निराळा दिसतो. आधी शब्द पाळणे आले, मग रोजचे वाचन, आणि गोडी सर्वांत शेवटी. हा क्रम काही परका नव्हे. चौरंगावर पोथी मांडून रोज एक अध्याय वाचणाऱ्या घरात जो वाढला आहे त्याला तो ओळखीचा वाटेल. आज मन लागले नाही म्हणून पोथी कोणी चुकवत नसे. रायपूरच्या मराठी घरांतही हीच रीत होती. याच शहरात वावरलेल्या माधवराव सप्र्यांना दासबोध हिंदीत आणावासा वाटला, तो उगाच नाही. नित्यपाठातून जडलेली माया त्यामागे होती असे मी समजतो. टिळकांनी ख्रिस्ताचे पुस्तक वाचले ते पोथी वाचणाऱ्याच्या शिस्तीने. पाद्रीसाहेबांनी फक्त पुस्तक दिले, ते कसे वाचायचे हे टिळकांना कोकणातल्या घरानेच शिकवले होते.

पण नुसती शिस्तही पुरत नाही. याचा दाखला पंडिता रमाबाईंचा. १८७८ मध्ये त्या कलकत्त्याला गेल्या तेव्हा तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी त्यांना संस्कृत बायबल भेट दिले. भागवत पुराण ज्यांना मुखोद्गत होते, त्या रमाबाईंना संस्कृतातले हे पुस्तक कळेना! ते संस्कृत त्यांच्या ओळखीचे नव्हते आणि त्यातले सांगणेही निराळे. वाचणे म्हणजे वेळ दवडणे, असे त्यांना वाटले. तरी त्यांनी ती प्रत टाकली नाही, जवळ ठेवली. पुढे लग्नानंतर सिलचरला नवऱ्याच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली पुस्तिका त्यांना सापडली, आणि ती मात्र त्यांनी मनापासून वाचली. देववाणीत जे दूर राहिले ते बायकामाणसांच्या बोलीत जवळ आले. याचा विसर त्यांना पुढे पडला नसावा, असे त्यांच्या अखेरच्या कामावरून वाटते.

त्या कामाकडे येण्यापूर्वी एक गोष्ट सांगायला हवी. मराठी बायबल तोवर नव्हते असे मुळीच नाही. विल्यम केरीने बंगालात श्रीरामपूरला मत्तयचे मराठी शुभवर्तमान १८०५ मध्येच छापले आणि १८११ मध्ये नवा करार. त्याला मराठी शिकवणारे आणि मदत करणारे पंडित वैजनाथ. मुंबईकडच्या मिशनऱ्यांना ते मराठी रुचले नाही, त्यांनी आपले भाषांतर निराळे केले, आणि १८४७ पर्यंत मराठीत अख्खे बायबल झाले. म्हणजे पुस्तक होते, छापलेले होते, स्वस्तात मिळत होते. पण त्याची मराठी पुष्कळ ठिकाणी आखडलेली. वाक्य इंग्रजी वळणाचे, शब्द पंडिती. आदर वाटावा असे ते पुस्तक होते. जीव जडावा असे ते सर्वांसाठी नव्हते.

रमाबाईंनी म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून पुन्हा सगळे भाषांतर करायला घेतले. डोळ्यांसमोर वाचक कोण, तर केडगावच्या मुक्तिसदनातल्या बायका: दुष्काळातून आलेल्या, विधवा, टाकलेल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या. त्यांना कळेल असा शब्द वापरायचा, संस्कृताचा बडेजाव टाळायचा, हा त्यांचा कटाक्ष. खिळे जुळवणे, छपाई ही कामेही तिथल्या बायकाच करत. नवा करार १९१३ मध्ये निघाला. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा जुन्या कराराचे काम हातावेगळे झाले होते, आणि १९२४ मध्ये पूर्ण बायबल बाहेर पडले. विद्वानांनी त्या भाषांतराची पुढे फारशी विचारपूस केली नाही, मंडळ्यांनीही दुसरेच बायबल वापरले. मला यात मराठी ख्रिस्ती समाजाचा करंटेपणा दिसतो. एका बाईने एकटीने मूळ भाषांवरून अख्खे बायबल मराठीत आणावे ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या समाजाने कपाळी मिरवली असती.

भाषेचा हा प्रश्न रायपुरात बसून लिहिणाऱ्याला पुस्तकी राहत नाही. इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांची भाषा हिंदी. त्याला कारण आहे. छत्तीसगढात हे शास्त्र आले ते ऑस्कर लोर यांच्याबरोबर १८६८ मध्ये. त्यांनी रायपूर-बिलासपूरच्या दरम्यान बिसरामपूर वसवले आणि त्यांचे काम मुख्यतः सतनामी लोकांत चालले. घासीदासांच्या या पंथाची शिकवण सतनामाची. ती लोकांच्या तोंडी आणि पंथी गीतांत राहिलेली, पोथीत बांधलेली नव्हे. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यापर्यंत हे पुस्तक पोचायचे ते ऐकूनच. त्यामुळे शाळा आली, आणि शाळेबरोबर हिंदी आली. घरी छत्तीसगढी, देवळात हिंदी, अशी त्यांची विभागणी झाली. आम्हा मोजक्या मराठी ख्रिस्ती घरांची झाली ती मराठी आणि हिंदी अशी. रविवारी उपासनेत मी ‘यीशु मसीह’ म्हणतो, रात्री घरी ‘प्रभू येशू’. सकाळी मत्ती, रात्री मत्तय. सवयीने दोन्ही तोंडात बसले आहेत, पण संकटात तोंडून निघते ते मराठीच. एका बाबतीत मात्र हिंदीने आमच्यावर कडी केली आहे. आम्ही ज्यांना स्तोत्रे म्हणतो त्या पुस्तकाला हिंदीत नाव आहे ‘भजन संहिता’. स्तोत्र ब्राह्मणाने म्हणायचे, भजन कोणीही करावे, तेही टाळ घेऊन! टिळकांना हे नाव आवडले असते.

कारण बाप्तिस्म्यानंतर टिळकांनी जे केले ते बरेचसे हेच. ख्रिस्तापाशी आपण तुकारामाच्या पुलावरून आलो, असे ते सांगत. महाराष्ट्राच्या संतांची वाणी हा आपला पहिला जुना करार, इथवर त्यांची मजल गेली होती, आणि हे सर्व मिशनऱ्यांना रुचण्यासारखे नव्हते. परक्या चालींवर बसवलेल्या गीतांच्या जागी त्यांनी अभंग दिले, भजने दिली. आजही मराठी मंडळीत ‘उपासना संगीत’ उघडले की पानामागून पान टिळक भेटतात. ज्यांनी बायबल कधी सलग वाचले नाही अशा म्हाताऱ्या बाया त्यातला मतलब टिळकांच्या पदांतून पाठ म्हणतात. त्यांचे शास्त्रप्रेम कमअस्सल आहे असे मला कोणी सांगू नये.

इथपर्यंत गोष्ट पुस्तक घेणाऱ्याच्या बाजूने झाली. ते पुस्तक ज्या घरात आले त्या घराची बाजू निराळी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय नांदगावची गोष्ट अर्धीच राहते. टिळकांना पवित्र शास्त्राचा लळा लागला त्याची किंमत पहिल्याने लक्ष्मीबाईंनी मोजली. नवऱ्याने त्यांना न विचारता मुंबईत धर्म बदलला. त्या काळच्या ब्राह्मण बाईला याचा अर्थ नवरा जिवंत असून संसार संपला असा होता. पदरी लहानगा दत्तू. चारपाच वर्षे त्यांनी टिळकांपासून दूर काढली, त्यांतली काही पंढरपुरात. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण त्यांच्या विनोदाला हसतो, आणि त्या हसण्याखाली किती रडणे दाबलेले आहे हे विसरतो. डोंगरावरील प्रवचनात शेजाऱ्यावरच काय, वैऱ्यावरही प्रेम करायला सांगितले आहे. ते वाचून ज्याचे मन पालटले त्याने घरच्या माणसाला अंधारात ठेवावे, याची बोच मला त्या गोष्टीत दर खेपेस लागते. टिळकांचे थोरपण मला मान्य आहे. तरी या ठिकाणी मी लक्ष्मीबाईंच्या बाजूचा.

पुढे त्या टिळकांकडे परतल्या त्याही ख्रिस्ती म्हणून नव्हे. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे तसेच. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकात त्यांचे बालपण गेले होते, ते अंगातून सहजी जाणारे नव्हते. इथे टिळकांनी शहाणपण केले, त्यांना त्यांच्या गतीने जाऊ दिले. आणि लक्ष्मीबाईंची वाट नवऱ्याच्या वाटेच्या अगदी उलट निघाली. टिळक आधी पुस्तकाशी झगडले. लक्ष्मीबाई आधी झगडल्या त्या पाण्याच्या भांड्याशी, शेजारच्या माणसाच्या शिवण्याशी. ही जात देवाने केली की माणसाने, याचा त्यांनी आपल्या मनाशी निवाडा केला, आणि तो झाल्यावर कुणाच्याही हातचे खायला त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. नवऱ्याने तीन अध्यायांत जे वाचले ते बायकोने आधी स्वयंपाकघरात करून पाहिले. दोघांपैकी कोणाला शास्त्र अधिक कळले, हे ठरवायला मी बसणार नाही. पण मंडळीत शास्त्राभ्यासाचे वर्ग चालतात तेव्हा उदाहरण नेहमी टिळकांचेच दिले जाते, हे मला खटकते.

टिळक १९१९ मध्ये वारले. ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र, ‘ख्रिस्तायन’, त्यांनी आरंभले होते आणि ते अर्ध्याहून कितीतरी अलीकडे राहिले. मराठीत ही वाट नवी नव्हती. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात नवख्रिस्ती लोकांसाठी ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. जुन्या पुराणांना मुकलेल्या माणसांना कानांनी ऐकता येईल असे काही हवे होते. तीच गरज तीनशे वर्षांनी टिळकांना दिसली होती. त्यांच्या मागे ते काम हाती घेतले लक्ष्मीबाईंनी. शिक्षण घरातले, तेही तुटक तुटक झालेले. ज्या पुस्तकाने त्यांचा संसार एकदा उधळला त्याच पुस्तकातली गोष्ट त्या ओवीत बसवत राहिल्या आणि त्यांनी एकूण ६४ अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून निघाले ते त्यानंतर, १९३८ मध्ये.