फुकट वेगळं, मुक्त वेगळं : डाउनलोडच्या सोयीचा छोटा इतिहास

आज नगरपालिका नाही, रस्ते नाहीत, टेंडरही नाही. आज डाउनलोड करायच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहितोय. 'हा काय विषय झाला?' असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, कारण गोष्ट आपल्या आधार कार्डापर्यंत येते.

इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून त्यांना जगाला समजावत बसावं लागलं की आमचं 'फ्री' पैशाबद्दल नाही, स्वातंत्र्याबद्दल आहे. मराठीत हा घोळ व्हायचं कारणच नाही. फुकट म्हणजे पैसे न पडणारं. मुक्त म्हणजे ज्याची आतली रचना कुणीही उघडून बघू शकतो, सुधारू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो. दोन स्वच्छ शब्द हाताशी असताना आपण दोन्हीला 'फ्री'च म्हणतो. त्यातून काय होतं, हे बघायला डाउनलोड मॅनेजरइतकं चांगलं उदाहरण नाही.

आधी थोडं मागे जाऊ. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हाचं नेट फोनच्या तारेवरून यायचं. पुढे '५६ के' मोडेम आले, पण प्रत्यक्षात सेकंदाला ४-५ केबी मिळाले तरी खूप. हिशेब करा. ५ केबीच्या वेगाने १० एमबीची फाइल उतरायला ३४ मिनिटं लागतात. ६५० एमबीची, म्हणजे एका सीडीएवढी, उतरायला सलग सदतीस तास. मध्ये घरातल्या कुणी दुसरा रिसीव्हर उचलला की लाइन तुटली. ब्राउझर तेव्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. ९५ टक्क्यांवर तुटलं तरी पुन्हा शून्य. टेलिफोनचं बिल मात्र शून्यावर यायचं नाही.

म्हणजे खरी अडचण वेगाची कमी आणि तुटण्याची जास्त होती. त्यावरचा उपाय साधा होता. जानेवारी १९९७ मध्ये वेबच्या एचटीटीपी नियमांची १.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात ब्राउझरने सर्व्हरला 'मला पूर्ण फाइल नको, अमुक बाइटपासून पुढचीच दे' असं सांगायची रीत ठरली. सर्व्हर ते मानत असेल तर अर्धवट राहिलेलं काम तिथूनच पुढे सुरू होतं. आणि जर मधूनच मागता येतं, तर एकाच फाइलचे चार तुकडे चार जोडण्यांवरून एकाच वेळी का मागू नयेत? डाउनलोड 'अॅक्सिलरेटर' म्हणतात ते एवढंच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. 'पाचपट वेग' अशा जाहिराती तेव्हा भरपूर होत्या. पण तुमची तारच ५ केबीची असेल तर चार जोडण्या त्याच ५ केबीची वाटणी करून घेतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सर्व्हरने प्रत्येक जोडणीला मर्यादा घातली असेल, किंवा सर्व्हर फार लांब असल्यामुळे एक जोडणी तुमची लाइन पूर्ण भरू शकत नसेल, तेव्हाच तुकड्यांचा फायदा होतो. मोडेमच्या काळात खरा फायदा होता तो 'थांबलं तिथून पुढे' याचा.

ही सोय लोकांपर्यंत दोन वाटांनी आली.

पहिली वाट फुकटची. गेटराइट, गो-झिला, फ्लॅशगेट, डाउनलोड अॅक्सिलरेटर प्लस ही नावं सायबर कॅफेत बसलेल्या माझ्या वयाच्या लोकांना आठवत असतील. यातली बरीच फुकट मिळायची आणि जाहिराती दाखवायची. नेटस्केप कंपनीचं 'स्मार्टडाउनलोड' असंच फुकट होतं. ते वापरणाऱ्या काही अमेरिकन लोकांनी कोर्टात दावा लावला. त्यांचं म्हणणं असं की आम्ही कुठून कोणती फाइल उतरवतो, हे सॉफ्टवेअर गुपचूप कंपनीला कळवतं. कंपनीने सांगितलं, तुम्ही अटी मान्य केल्यात, आता कोर्टात नाही, लवादाकडे जा. गंमत म्हणजे त्या अटी डाउनलोडच्या बटणाच्या खाली, पान सरकवल्याशिवाय दिसणार नाहीत अशा जागी होत्या. ऑक्टोबर २००२ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की जे दिसलंच नाही त्याला संमती दिली असं धरता येणार नाही. निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश होत्या सोनिया सोटोमायोर. पुढे २००९ साली त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 'आय अॅग्री' या विषयावर कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही शिकतात. आणि तो सुरू झाला एका फुकटच्या डाउनलोड मॅनेजरवरून.

दुसरी वाट मुक्तची. १९९६ साली क्रोएशियातल्या हर्वोये निक्शिच याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तोच पुढे ग्नू प्रकल्पातला 'डब्ल्यूगेट' झाला. त्याला ना खिडकी, ना बटण, ना जाहिरात. संथ आणि तुटक्या लाइनवर टिकून राहायचं, तुटलं तर पुन्हा प्रयत्न करायचा, राहिलं तिथून पुढे न्यायचं, हाच त्याचा धर्म. १९९८ मध्ये स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गने 'कर्ल' आणलं. जपानच्या तात्सुहिरो त्सुजिकावाने 'आरिया-टू' लिहिलं. ते तुकडे पाडून उतरवतं आणि टोरेंटही सांभाळतं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायचा कंटाळा येणाऱ्यांसाठी त्याच आरियावर इराणी प्रोग्रॅमरनी 'पर्सेपोलिस' नावाची छान खिडकी चढवली. कुणाची परवानगी मागावी लागली नाही. मुक्त म्हणजे हे. कर्ल तर २०१८ पासून विंडोज १० मध्येच येतं. तुमच्या लॅपटॉपवर ते आत्ता, या क्षणी असेल.

आपल्याकडे या साधनांची खरी गरज ब्रॉडबँडच्या सुरुवातीला कळली. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. बीएसएनएलच्या एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोजला जात नसे. माणसं डाउनलोड मॅनेजरला रात्री दोनची वेळ लावून झोपायची. पाण्याच्या पाळीसारखीच नेटची पाळी!

त्याच काळात आपण तिसरी, आपली खास वाट शोधली. पैसे देऊन घ्यायचा डाउनलोड मॅनेजर 'क्रॅक' करून वापरायचा. फुकट ते पौष्टिक! ती सवय आजही गेलेली नाही, आणि मला खरी काळजी तिथे आहे. क्रॅक म्हणजे अनोळखी माणसाने फोडून पुन्हा बांधलेला प्रोग्रॅम. तो चालवण्यासाठी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात आणि आपण करतोही. ज्या कॉम्प्युटरवर हे होतं, त्याच कॉम्प्युटरवर कुणाचं आधार स्कॅन होतं, कुणाचं पासबुक, कुणाच्या मुलीचा जातीचा दाखला. समोर उभ्या शेतकऱ्याला यातलं काही माहीत नसतं. त्याने कशालाच संमती दिलेली नसते.

मुक्त म्हटलं की धोका संपला, असंही नाही. फ्री डाउनलोड मॅनेजर हे सॉफ्टवेअर एकेकाळी मुक्त परवान्यावर होतं, पुढच्या आवृत्त्या बंद झाल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅस्परस्कीने उघड केलं की त्याच्या वेबसाइटवरून लिनक्सच्या काही वापरकर्त्यांना २०२० ते २०२२ या काळात पासवर्ड चोरणारी बनावट फाइल मिळत होती. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या मुक्त साधनात घुसवलेलं चोरदार सापडलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने मागोवा घेतला आणि चोरी पकडली. फरक एवढाच की तिथे कोड उघडा होता, म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं. बंद पेटीला बाहेरून हलवून बघण्यापलीकडे आपण काय करणार?

आता कामाचं. साधं डाउनलोड असेल तर ब्राउझरमध्येच थांबवायची-पुढे न्यायची सोय आहे, वेगळं काही नको. मोठ्या किंवा बऱ्याच फाइल असतील तर वरच्यापैकी मुक्त साधन घ्या, पण त्याच्या मूळ पानावरूनच. फाइलसोबत एसएचए-२५६ चा आकडा दिला असेल तर तो जुळवून बघा. मी स्वतः शासन निर्णयांच्या पीडीएफच्या लिंका एका साध्या फाइलमध्ये लिहून डब्ल्यूगेटला देतो आणि चहाला जातो. लाइट गेली तरी राहिलेलं नंतर उतरतं.

आणि सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, शाळेची लॅब चालवणाऱ्या मित्रांना एक विनंती. क्रॅक काढून टाका. मुक्त साधन बसवायला दहा मिनिटं लागतात, पैसा लागत नाही. लोक तुमच्या हातात कागद देतात ते विश्वासाने. तो विश्वास मात्र फुकट समजू नका.

कुणाला बसवायला अडचण आली तर कमेंटमध्ये लिहा. बसून करून देऊ.