महिंद्रा थार (दुसरी पिढी, डिझेल फोर बाय फोर)

महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीची तीन दारांची, चारही चाकांना जोर देता येणारी मध्यम किमतीची गाडी. १५ ऑगस्ट २०२० रोजी ती प्रथम दाखवण्यात आली, २ ऑक्टोबरला विक्रीस आली. पेट्रोलच्या मूळ प्रकाराची किंमत तेव्हा ९.८० लाख रुपयांपासून होती. ती नाशिकच्या कारखान्यात तयार होते. कूळ मात्र मुंबईचे : १९४०च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने विलिस जीपची जोडणी सुरू केली, त्याच वंशात पुढे एमएम ५४० आणि २०१०ची पहिली थार आली.

डिझेल इंजिन २,१८४ घ. सेंमी.चे असून शक्ती १३० अश्वशक्ती, तर पीळ (टॉर्क) ३०० न्यूटन-मीटर आहे. पेण आणि रोहे तालुक्यांतल्या वापरात दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा, कारण हा पीळ मिनिटाला सुमारे १,६०० फेऱ्यांपासूनच मिळू लागतो आणि मुरमाच्या चढावर इंजिन ताणावे लागत नाही. गिअर सहा, हाती किंवा स्वयंचलित. गाडी लॅडर फ्रेमवर बांधलेली. पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात, मागे सलग अ‍ॅक्सल. जमिनीपासूनची उंची २२६ मिमी., लांबी ३,९८५ मिमी., व्हीलबेस २,४५० मिमी. पुढचा बंपर आखूड असल्याने सुमारे ४१ अंशांच्या चढाला नाक न टेकता भिडता येते.

फोर बाय फोरची रचना ‘पार्ट टाइम’ प्रकारची आहे. वेगळ्या दांडीने मागची दोन चाके, चारही चाके किंवा लो गिअर निवडता येतो. चारही चाके जोडली की पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये फिरण्यातला फरक सांभाळणारा मधला डिफरन्शियल नसतो. त्यामुळे कोरड्या डांबरावर वळताना गाडी आखडते आणि यंत्रणेवर नाहक ताण येतो. तेथे मागच्या दोन चाकांवरच चालवणे योग्य. लो गिअरमध्ये चाकांपर्यंतचा जोर सुमारे अडीच पट होतो. उतारावर ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनच्या रोधाने उतरता येते, हा त्याचा खरा फायदा. शहरी खरेदीदार तो क्वचितच वापरतात.

पेण आणि रोहे या दोन तालुक्यांत गाडीची परीक्षा तीन तऱ्हांनी होते. पहिली मुंबई-गोवा महामार्गावर. पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११पासून रखडत चालले आणि खड्डे पावसाळ्यागणिक नवे पडत गेले. मोठी चाके खड्डा झेलतात, मात्र मागे बसणारे चांगलेच आदळतात. सुकेळी खिंडीत किंवा नागोठणे-रोहे वाटेवरच्या भिसे खिंडीत उंच गाडी वळणावर कलंडल्यासारखी झुकते. तिथे वेग आवरावाच लागतो. फोर बाय फोरमुळे चाकांना पकड मिळते, ब्रेक लवकर लागत नाहीत, हे ओल्या घाटात विसरता कामा नये.

दुसरी परीक्षा डोंगरपायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्यांच्या मातीच्या वाटांवर. पाणी ओसरल्यावर घळी पडलेल्या या वाटांवर एक चाक हवेत लटकते. अशा वेळी महागड्या व्हेरियंटमधला मागचा लॉकिंग डिफरन्शियल दुसऱ्या चाकाला जोर देऊन गाडी बाहेर काढतो. तरीही या वाड्यांतून आजारी माणसाला झोळीतून खाली आणावे लागल्याच्या बातम्या अजून येतात. वाटच नसेल तिथे गाडीची गुणवत्ता निरुपयोगी.

तिसरी आणि अवघड परीक्षा पेणच्या पश्चिमेकडील खारेपाटात. धरमतर खाडीलगतची ही चिकणमाती ओली झाली की टायरच्या नक्षीत भरते आणि चारही चाके जागेवर गरगरतात. अशा वेळी खरे काम टायरचे व हवेच्या दाबाचे. उगीच अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिले तर गाडी अधिक खोल रुतते आणि शेवटी ट्रॅक्टरला टोचन लावावे लागते. कांदळवने संरक्षित असल्याने तेथे हौसेने गाडी घालू नये. खाऱ्या चिखलातून आल्यावर फ्रेम खालून गोड्या पाण्याने धुतली नाही तर गंज लवकर धरतो.

पाण्यातून जाण्याची कंपनीने दिलेली मर्यादा ६५० मिमी. आहे. ती संथ पाण्याची. अंबा वा कुंडलिका नदी फुगून साकवावरून पाणी वाहत असेल, तर त्याहून कमी खोलीतही गाडी आडवी ढकलली जाते.

ग्लोबल एनकॅपच्या २०२०च्या अपघात-सुरक्षा चाचणीत तिला चार तारे मिळाले. बसायला चौघेच, मागच्या आसनाकडे पुढचे आसन दुमडून चढावे लागते, म्हणून घरात वडीलधारी मंडळी असतील तर कुरकुर ठरलेली. सामानाला जागा नावापुरती. पेणचे गणपती नेण्याचे काम टेंपो आणि पिकअपच करतात, थार नव्हे.

१५ ऑगस्ट २०२४ रोजी पाच दारांची थार रॉक्स आली. तिचा व्हीलबेस २,८५० मिमी., म्हणजे ४०० मिमी.ने अधिक. कुटुंबासाठी ती सरस. बांधावरच्या अरुंद वळणाला मात्र तीन दारांचीच बरी.