माकडशिंगीच्या लॅटिन नावाचा माग

सोलापूर सोडून बार्शी रस्त्याला लागलं की नान्नजच्या आसपास माळ पसरतो. मुरमाड जमीन, कुसळी गवत, मधूनच बोराटीची जाळी. पाऊस सरत आला की अशाच एखाद्या जाळीच्या बुडाशी माकडशिंगीचे मांसल, चौधारी दांडे दिसतात. पानं असून नसल्यासारखी. सगळं पाणी दांड्यात. शेंड्याकडे झालर लावलेली जांभळट फुलं माना खाली घालून लोंबतात, मग जोडीजोडीनं शिंगांसारख्या शेंगा धरतात. भूक लागली की गुराखी दांडा मोडून कच्चाच चघळतात.

शास्त्रात हिचं नाव कॅरालुमा अॅडसेन्डेन्स. त्याची सुरुवात गोदावरीच्या मुखाकडे होते. कंपनी सरकारचा स्कॉटिश डॉक्टर विल्यम रॉक्सबर्ग तिथल्या सामलकोटला झाडं जमवत असे. कोरोमांडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या त्याच्या सचित्र ग्रंथाचा पहिला खंड 1795 साली निघाला, त्यात ही वनस्पती आहे. त्यानं तिला स्टॅपेलिया या आफ्रिकी गोतात घातलं. एका डच वैद्याच्या नावावरून लिनियसनं ते नाव ठेवलं होतं. पण रॉक्सबर्गनं आणखी एक मोलाचं काम केलं: लोक हिचे दांडे कच्चे खातात आणि तेलुगूत हिला ‘कार-अल्लम’ म्हणतात, हेही नोंदवून ठेवलं.

पुढे 1811च्या सुमारास रॉबर्ट ब्राउननं हिला स्टॅपेलियातून वेगळं काढलं आणि नव्या प्रजातीला तोच तेलुगू शब्द दिला. झालरीवरून वॉलिचनं ‘फिम्ब्रिएटा’ ही वेगळी जात मानली; 1931 साली मद्रास संग्रहालयाच्या ग्रेव्हली आणि मयूरनाथन यांनी तिला पुन्हा उपप्रकारात बसवलं. एवढ्या फेरफारांतून कार-अल्लम टिकला. ज्या सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या घरी आजही तेलुगू बोलतात, तिथल्या माळावरच्या झाडाच्या लॅटिन नावात हा शब्द असावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सगळ्यांना असं भाग्य लाभलं नाही. शिवनेरीच्या कड्यावरची हिची दुर्मीळ बहीण शिंदळ माकुडी डाल्झेलनं 1860च्या दशकात शास्त्राला कळवली, आणि नाव दिलं मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं: फ्रेरिया इंडिका. नंतर तिचं गोत बदललं, तरी ‘फ्रेराय’ होऊन गव्हर्नर नावात राहिलेच.

2017 साली ब्रॉइन्स आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे कॅरालुमासह हे सगळं गोत सेरोपेजियात, म्हणजे आपल्या कंदीलपुष्पांच्या कुळीत, विलीन करायचं सुचवलं. सगळ्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते मानलेलं नाही. नियम असा की प्रजाती बदलली तर नावाचा दुसरा भाग सहसा सोबत जातो आणि पहिला गळतो. ‘फ्रेराय’ होऊन दुसऱ्या भागात आल्यामुळे गव्हर्नर तरले. माकडशिंगीचा तेलुगू शब्द मात्र पहिल्या भागात आहे.